पटाबाहेरची खुर्ची

बुद्धिबळाच्या पटावर बाई नाही. राजा आहे, वजीर आहे, हत्ती, घोडे, उंट आहेत, आणि पुढे मरायला उभी केलेली आठ प्यादी. आपल्या मराठी पटावरचा हा सारा फौजफाटा पुरुषांचा. प्यादे तेवढे नपुंसकलिंगी. तेही बहुधा कुणाच्या खिजगणतीत नाही म्हणून! हा खेळ युरोपात गेला तेव्हा तिकडच्या लोकांनी मात्र वजिराची राणी केली. जुना वजीर म्हणजे फार दुबळी असामी. तिरके एक घर सरकला की दमला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिकडे राणीला आठी दिशांना हवे तितके धावायचा परवाना मिळाला आणि पटावरचे सर्वांत बलाढ्य मोहरे बाई झाले. पुढे तेच नियम आपल्याकडे परत आले. आपण राणीचे बळ तेवढे उतरवून घेतले आणि वजिराच्या अंगावर चढवले. राणी राहिली सातासमुद्रापलीकडे.

हे सगळे मला ठाऊक असण्याचे कारण आमचे आजोबा. अंकाच्या संपादकांनी मला हटकले, "तू बुद्धिबळ खेळतेस ना? मग दिव्या देशमुखवर लिही." मी हो म्हटले खरे, पण लिहायला बसले आणि पेन पहिल्यांदा वळले ते आजोबांच्या चिकटवहीकडे. तेव्हा दिव्याकडे जाण्यापूर्वी वाचकांनी थोडे अलोऱ्यावरून यावे.

अलोरे म्हणजे कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे गाव. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरते, तिथे त्याची वीज होते, मग ते कोळकेवाडीच्या धरणात अडते आणि पुन्हा एकदा जनित्रांवर पडते. एकाच पाण्याची दोनदा वीज करणारी ही करामत! त्या तिसऱ्या टप्प्याच्या कामासाठी अलोऱ्याला वसाहत उठली आणि सत्तरच्या दशकात आजोबा तिथे नोकरीला आले. घाटावरचे, मुंबईचे, विदर्भातले, कुठकुठले लोक एका रांगेच्या चाळवजा क्वार्टर्समध्ये येऊन पडले होते. करमणुकीला काही नाही. पावसाळ्यात चार महिने बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. तेव्हा संध्याकाळी व्हरांड्यात पट पडत. मुंबईहून येणारा कुणी 'नवाकाळ' आणी, तो हातोहात फिरून चिंध्या होईपर्यंत वाचला जाई, आणि त्यातल्या बुद्धिबळाच्या बातम्या आजोबा कात्रीने कापून चिकटवहीत लावीत.

पुढे काम संपले, माणसे दुसऱ्या प्रकल्पांवर बदलून गेली, रांगाच्या रांगा रिकाम्या झाल्या. आजोबा निवृत्त होऊन इथेच राहिले. पट होता, मोहरी होती, समोर बसायला मात्र कोणी उरले नाही. त्या वेळी मी सात वर्षांची होते. आजोबांनी मला बुद्धिबळ शिकवले ते स्त्रीशिक्षणाच्या कळवळ्याने नव्हे. त्यांना समोरची खुर्ची भरायची होती.

त्या वहीत पानेच्या पाने खाडिलकर भगिनींची. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या या पणत्या. आपल्या वर्गात ज्यांची नाटके आपण परीक्षेपुरती वाचतो आणि विसरतो, तेच ते खाडिलकर. 'नवाकाळ' त्यांनीच 1923 साली काढला. महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा 1974 साली झाली, ती वासंतीने जिंकली. त्यानंतर जे झाले ते आजच्या मुलींना सांगितले तर थाप वाटेल. 1974 ते 1983 अशी सलग दहा वर्षे राष्ट्रीय विजेतेपद त्या एका घराचा उंबरठा ओलांडून बाहेर गेलेच नाही. वासंतीचे एक, जयश्रीची चार, रोहिणीची पाच. जयश्री 1979 साली महिला इंटरनॅशनल मास्टर झाली; हा किताब मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. रोहिणी 1981 साली हैदराबादला आशियाई विजेती झाली, तीही बारांपैकी साडेअकरा गुण घेऊन, एकही डाव न हरता. दोन वर्षांनी क्वालालंपूरला तिने तेच विजेतेपद पुन्हा आणले.

"घरात तीन बहिणी म्हणजे रोजची राष्ट्रीय स्पर्धा!" आजोबा म्हणत. मला लहानपणी हे वाक्य विनोदी वाटे. आता वाटते, त्या दहा वर्षांचे मर्म त्यातच आहे. गिरगावातल्या असो की अलोऱ्यातल्या, मुलीला खेळ शिकवणारा एखादा वडीलधारा भेटतो. रोज बरोबरीने झुंजणारा भेटत नाही. त्या तिघींना तो जेवणाच्या ताटावर भेटत होता.

वहीतले सर्वांत जीर्ण पान 1976 सालचे. त्या वर्षी तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. तोवर तिथे एकही स्त्री बसली नव्हती. गदारोळ माजला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्वाळा दिला, की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. हे यूवे स्वतः माजी जगज्जेते, पेशाने गणिताचे शिक्षक, आणि अॅमस्टरडॅमला मुलींच्या शाळेत शिकवलेले. मला आपले उगीच वाटते, की मुलींच्या वर्गासमोर काही वर्षे उभ्या राहिलेल्या माणसाला हा निर्णय द्यायला फार वेळ लागला नसेल.

निर्णय झाला म्हणून प्रश्न सुटला असे मात्र नाही. पुढे दहा वर्षांनी, 1986 साली, हंगेरीच्या सुझान पोल्गारने पुरुषांच्या जागतिक अजिंक्यपदाच्या पात्रता फेरीत जागा मिळवली आणि ती बाई म्हणून तिला खेळू दिले गेले नाही. न्याय कागदावरून पटावर यायला किती दिवस लागतात ते पाहा. तिकडेही तीन बहिणीच होत्या, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो. सुझान आणि धाकटी ज्युडिट दोघी 1991 साली ग्रँडमास्टर झाल्या. 'महिला' हे उपपद न लावता, पुरुषांच्याच अटींवर. ज्युडिट तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि बॉबी फिशरचा सर्वांत लहान ग्रँडमास्टरचा विक्रम तिने मोडला.

आणि ज्यांना बहिणी नव्हत्या, घर नव्हते, त्यांचे काय झाले? 1933 साली हेस्टिंग्जला ब्रिटनच्या महिला अजिंक्यपद स्पर्धेत पहिली आली ती फातिमा नावाची एक हिंदुस्थानी तरुणी. सर उमर हयात खान यांच्या घरातली ती नोकर. मालकांबरोबर विलायतेला गेली, तिथे खेळली, जिंकली. मालक परतले, तीही परतली, आणि स्पर्धेच्या पटावर पुन्हा कुणाला दिसली नाही. तिच्यावर कुणी चिकटवही भरली नाही.

ही पाने उलटताना माझ्या मनात एक हिशेब तयार झाला आहे. बुद्धिबळाला दोन खुर्च्या लागतात, असे आपण सारे धरून चालतो. मुलीच्या बुद्धिबळाला तीन लागतात. एक तिची, एक समोरच्याची, आणि एक हॉलच्या दाराबाहेर, तिच्यासाठी बसून राहणाऱ्या माणसाची. पहिली ती स्वतःच्या अकलेने मिळवते. उरलेल्या दोन तिच्या हातात नसतात.

समोरच्या खुर्चीचा अनुभव मला बाराव्या वर्षी आला. आजोबा माझ्याकडून नियमाने हरू लागले आणि त्यांनाच माझी काळजी वाटू लागली. वसाहतीत संध्याकाळी काही मंडळी कॅरम आणि बुद्धिबळ खेळायला जमत, तिथे ते मला घेऊन गेले. पहिल्या दिवशी सगळ्यांनी कौतुक केले. दुसऱ्या दिवशी मी एका काकांना हरवले. तिसऱ्या दिवशी त्यांना एकदम कॅरमची ओढ लागली. "पोरीशी काय खेळायचे? जिंकलो तर शोभत नाही, हरलो तर तोंड दाखवता येत नाही," असे ते हसत हसत म्हणाले. त्यांचे म्हणणे त्यांच्या परीने खरे होते. पण त्यांच्या शोभेपायी माझी समोरची खुर्ची गेली, त्याचा हिशेब कोणी करायचा?

पुढे ती खुर्ची मला भरून दिली मोबाइलने. आमच्या घरी रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात येते. तिथे पाण्याच्या टाकीला टेकून मी रात्री खेळते. माझे नाव तिथे असे आहे की त्यावरून मी मुलगा की मुलगी, अलोऱ्याची की अर्जेंटिनाची, काही कळू नये. तिथे कुणालाही शोभेची चिंता नसते. हरणारा मुकाट हरतो आणि पुन्हा खेळायला बोलावतो. पण मोबाइलवर मिळवलेल्या गुणांनी स्पर्धेतले मानांकन मिळत नाही. त्यासाठी खऱ्या हॉलमध्ये, खऱ्या घड्याळासमोर, खऱ्या खुर्चीवर जाऊन बसावे लागते. आणि तिथे जायला एस. टी. पकडावी लागते.

मागच्या वर्षी चिपळूणला एका दिवसाची खुली स्पर्धा होती. सकाळच्या गाडीने मी एकटीच गेले. पन्नास-साठ खेळाडू, त्यांत मुली दोन. एक मी आणि दुसरी दहावीतली, दोन वेण्या घातलेली. तिचे वडील दिवसभर दाराबाहेर स्कूटरवर बसून एकच वर्तमानपत्र वाचत होते. शेवटची फेरी चारला होती. ती लांबत लांबत सव्वासहाला सुरू झाली. आमच्या बाजूची मला सोयीची शेवटची गाडी साडेसातची. सात वाजले तेव्हा पटावर हत्ती आणि प्यादी एवढेच उरले होते आणि माझे एक प्यादे जास्त होते. असा डाव जिंकायचा तर घाई चालत नाही. राजाला एकेक पाऊल पुढे न्यावे लागते. समोरचा मुलगा चिपळूणचाच, त्याचे घर दहा मिनिटांवर. तो निवांत विचार करीत होता. मी घड्याळाकडे पाहिले. पटाशेजारच्या नव्हे, भिंतीवरच्या. सात वाजून दहा मिनिटांनी मी बरोबरीसाठी विचारले. त्याने चमकून वर पाहिले, एकदा पटाकडे पाहिले आणि माझा विचार बदलायच्या आत हात पुढे केला. मी धावत स्टँडवर आले. गाडी मिळाली, खिडकीजवळची जागाही मिळाली.

रात्री आजोबांनी तो डाव मांडून घेतला. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "डाव जिंकलेला आहे. पण एस. टी. निघून गेली असती."

मी निघून आल्यावर बक्षीस समारंभ झाला आणि त्यात मला 'सर्वोत्कृष्ट महिला' म्हणून करंडक जाहीर झाला. तो आठवड्याने कुणाकुणाच्या हातून कॉलेजात पोहोचला. दोघींत पहिली! आपल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या, सरांनी नोटीसबोर्डावर नाव लावले. मला तो करंडक टाकवतही नाही आणि मांडवतही नाही. स्त्रियांसाठी वेगळी बक्षिसे, वेगळ्या स्पर्धा असाव्यात की नाही यावर माझे मत अजून पक्के झालेले नाही. त्या नसत्या तर 1974 साली वासंती खाडिलकरचे नाव कुणी ऐकले नसते आणि कदाचित धाकट्या दोघींनाही वाट दिसली नसती, हे मला कबूल आहे. पण तेरा वर्षांच्या रोहिणीला ज्या दाराशी अडवले ते दार याच वेगळेपणाच्या भिंतीत होते, तेही खरे. दोन वेण्यांच्या त्या मुलीने मात्र शेवटचा डाव शांतपणे खेळून जिंकला, असे मागाहून कळले. तिला वेळ होता. बाहेर स्कूटर उभी होती. या वर्षी ती अकरावीला गेली, क्लास सुरू झाले, आणि या वर्षीच्या स्पर्धेत मुलगी एकच उरली.

आता दिव्याकडे येते. दिव्या देशमुख नागपूरची, 2005 सालचा जन्म. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या वयाची. आईवडील दोघेही डॉक्टर. 2024 साली ती मुलींची कनिष्ठ जगज्जेती झाली आणि त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होती. 2025 साली जॉर्जियातल्या बटुमीला महिलांचा विश्वचषक झाला. दिव्याने चीनच्या झू जिनेरला हरवले, आपल्याच हरिकाला हरवले, माजी जगज्जेत्या तान झोंगयीला हरवले, आणि 28 जुलैला अंतिम फेरीच्या जलद डावांत कोनेरू हंपीवर मात केली. हंपी ग्रँडमास्टर झाली ती 2002 साली, दिव्याच्या जन्माच्या तीन वर्षे आधी! ग्रँडमास्टरच्या किताबासाठी तीन मोठ्या स्पर्धांत ठरावीक कामगिरी करावी लागते. दिव्याकडे त्यातली एकही नव्हती. पण विश्वचषक जिंकणाऱ्याला किताब थेट मिळतो, म्हणून ती एका दिवसात भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. स्त्रियांत चौथी.

त्याआधी दीड वर्ष, जानेवारी 2024 मध्ये, नेदरलँड्समधली एक मोठी स्पर्धा आटोपल्यावर याच मुलीने जाहीरपणे लिहिले होते, की प्रेक्षक तिच्या डावांकडे पाहतच नाहीत. तिचे कपडे, केस, बोलण्याची ढब यांवरच सारी चर्चा. अठरा वर्षांची होती तेव्हा. कॅरमकडे वळलेले आमचे काका मला एकदम फार सभ्य वाटू लागले.

बटुमीच्या विजयाचे चित्र बहुतेकांनी पाहिले असेल. डाव संपतो, दिव्या उठते, डोळे भरून येतात, आणि ती जाऊन आईच्या गळ्यात पडते. सगळ्यांनी दिव्याचे अश्रू पाहिले. मी त्या आईकडे पाहत राहिले. डॉक्टर बाई, मुलीबरोबर परमुलखात, हॉलच्या बाहेर, किती तास, किती वर्षे बसून राहिल्या असतील! वर्तमानपत्रांत डावांचे विश्लेषण आले, बक्षिसाचे पन्नास हजार डॉलर आले. ते बसणे कुठल्या रकान्यात छापणार?

खाडिलकर भगिनींचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. रोहिणीने पुढे मुद्रणाचे शिक्षण घेतले आणि ती 'संध्याकाळ'ची संपादक झाली. जयश्रीने 'नवाकाळ' सांभाळला. देशाच्या विजेत्या झालेल्या बायकांनाही त्या काळी बुद्धिबळावर पोट भरता येत नव्हते. आज येते का? दिव्याला येईल. माझ्यासारखीला येणार नाही, हे मला स्वच्छ कळते. मी काही ग्रँडमास्टर होणार नाही. मला मानांकन हवे आहे, तीन-चार वर्षे मनासारखे खेळायचे आहे, आणि हत्ती-प्याद्यांचा एक शेवट भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता खेळून पाहायचा आहे. एवढ्यासाठी घरातल्या कुणाला बाहेर बसवून ठेवायचा मला अधिकार आहे का, हा प्रश्न विजेतीला पडत नसेल. मला पडतो.

तो या महिन्यात नेमका समोर येऊन उभा राहिला. मे महिन्यात सांगलीला पाच दिवसांची मानांकन स्पर्धा आहे. सांगली म्हणजे आपल्याकडची बुद्धिबळाची पंढरी. भाऊसाहेब पडसलगीकरांनी 1941 साली तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ काढले. पाच वेळा राष्ट्रीय विजेती ठरलेली, 1991 सालची आशियाई विजेती भाग्यश्री साठे-ठिपसे सांगलीची, महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटेही सांगलीचीच. कुंभार्ली घाट चढून कराडला गाडी बदलली की पुढे सरळ रस्ता. पण पाच दिवस परगावी, रात्रीचा मुक्काम, एकटी मुलगी! जेवताना घरात चर्चा सुरू झाली. बाबांना रजा नाही. आईला घर सोडवत नाही. आजोबांची तयारी होती, पण त्यांचे गुडघे तयार नव्हते. "पुढच्या वर्षी बघू," असे बाबा म्हणाले. पुढच्या वर्षी माझे शेवटचे वर्ष, आणि त्यानंतर काय बघायचे असते ते आपल्या वर्गातल्या मुलींना सांगायला नको.

आजी भात वाढत होती. व्हरांड्यात डाव रंगायचे त्या काळापासून हिने फक्त चहा केला आहे. पंधरा वर्षे मी आणि आजोबा तिच्यासमोर खेळलो, घोडा अडीच घरे जातो एवढेही तिने कधी विचारले नाही. ती म्हणाली, "मी जाईन हिच्याबरोबर."

आजोबा म्हणाले, "अगो, तुला त्यातले काय कळते?"

"मला कशाला कळायला हवे? खेळायची ती आहे."

अर्ज मी काल भरला, खुल्या गटाचा. आजीने आज दोनच गोष्टी विचारल्या. हॉलच्या बाहेर बसायला खुर्ची देतात का, आणि सांगलीला कापूस चांगला मिळतो का. "लाख वातींचा संकल्प केलाय गो बाय मी, मेला दोन वर्षे तसाच पडलाय. तू आत खेळ सावकाश, माझ्या तेवढ्या वाती होतील."